स्टेनवोरच्या मागघरातलं बाक

१

मागघरात शिरलं की पहिलं काम चुलीतली राख उकरायची, दुसरं दिव्यात सीलची चरबी घालायची आणि तिसरं मागाला लटकणारे दगड हातानं थोपवून ताणा सरळ करायचा. ओड्नीला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. सातव्या वर्षापासून ती उभ्या मागासमोर उभी होती, आता चौतीस पूर्ण झाली होती. स्टेनवोरच्या घरी ती वसंतातल्या विणकामाला आली, तेव्हा मागघर सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या बेरानं तिचे हात उलटेसुलटे करून पाहिले.

"हात कामाचे आहेत," बेरा म्हणाली. "तोंडाचं काय? टकळी फार चालते का तोंडाची?"

"लागेल तेवढीच, मावशी."

"इथे लागत नाही."

मागघर अर्धं जमिनीत होतं. चार पायऱ्या उतरून आत जायचं. भिंती गवताच्या ढेपांच्या, मधोमध चूल, पलीकडच्या टोकाला दोन माग भिंतीला तिरके टेकवलेले. दारापासून मागांपर्यंत जायला एकच अरुंद वाट होती. वाटेच्या उजव्या हाताला चूल आणि डाव्या हाताला भिंतीला लावलेलं बाक.

ते बाक पाहून ओड्नी थबकलीच. सहा हात लांब, दीड हात रुंद आणि एकाच खोडाचं! ग्रीनलंडात लाकूड म्हणजे समुद्रानं दया येऊन किनाऱ्यावर फेकलेलं काय असेल ते. माणसं ढेपांच्या ओट्यावर बसतात, दाराची फळी मोडली तर तिचे चमचे कोरतात. आणि इथे असलं खोड नुसतं बुडाखाली घ्यायला!

पण घेत कुणीच नव्हतं. बेरा उलट्या टोपलीवर बसली होती. ईसगेर्ड नावाची तिखट तोंडाची विणकरीण आणि दोघी जावा, तिघी जमिनीवर बसून लोकर पिंजत होत्या. बाक रिकामं.

ओड्नी टेकणार इतक्यात बेरा ओरडली, "तिथे नको! ओलं आहे ते."

ओड्नीनं हात लावून पाहिला. लाकूड हाडासारखं कोरडं होतं. पण पहिल्याच दिवशी वाद कशाला, म्हणून ती उठली.

मग ईसगेर्ड टोपली घेऊन मागाकडे निघाली. बाकापाशी आल्यावर तिनं पाऊल जरा उंच उचललं आणि जरा लांब टाकलं. कुणी पाय पसरून बसलं असलं की आपण ओलांडून जातो ना, अगदी तसं. मग पुन्हा. मग पुन्हा. चार वेळा. बोलणं तर चालूच होतं तिचं, कुणाची तरी शेळी व्यायली होती त्याबद्दल. पाठोपाठ दोघी जावा आल्या. त्यांनीही चार वेळा पाय उचलले.

ओड्नीनं जमीन पाहिली. चोपून सपाट केलेली माती. खड्डा नाही, दगड नाही, काही नाही. पूर्वी इथून मोरी जात असेल, तिनं स्वतःला सांगितलं, मोरी बुजली पण पायांची सवय गेली नाही. असं होतं की माणसांचं. ती सरळ चालत गेली.

"अगं अगं! जरा बघून!" ईसगेर्डचा चेहरा उतरला.

"काय बघून?"

"काही नाही," ईसगेर्ड म्हणाली आणि शेळीच्या गोष्टीकडे वळली.

२

ओड्नी तिथे विणायला आलेली नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी दोन जहाजं बरोबरीनं पश्चिमेच्या नव्या मुलखाकडे गेली होती. एक स्टेनवोरचं, दुसरं आस्मुंड नावाच्या व्यापाऱ्याचं. आस्मुंडच्या जहाजावर चार बायका होत्या, आपापल्या नवऱ्यांबरोबर निघालेल्या. त्यांतली एक हेर्दिस, ओड्नीची धाकटी बहीण. गेल्या शरदात एकच जहाज परत आलं. जहाज आस्मुंडचं, मोठं. पण सुकाणूपाशी उभी होती स्टेनवोर, आणि तळापासून काठापर्यंत भरलेलं होतं लाकूड.

"त्यांना तिकडचं गवत आवडलं," किनाऱ्यावर उतरताना ती म्हणाली होती. "नदीत मासा मावत नाही, हिवाळा नावाला. राहिले ते. त्यांना मोठं जहाज काय करायचंय? अदलाबदल केली."

संपलं. तिच्या बरोबरची माणसं? त्यांच्या तोंडाला कुलूप. देवापुढच्या चांदीच्या कड्यावर हात ठेवून तिनं प्रत्येकाला शपथ घ्यायला लावली होती, की तिकडच्या गोष्टीचा एक शब्दही उच्चारायचा नाही. एकजण लग्नात पिऊन ढसाढसा रडला. शब्द मात्र त्याच्याही तोंडून फुटला नाही.

ओड्नीच्या आईनं ओळखायचं ते ओळखलं. तिनं हेर्दिसच्या नावाचा वाडगा भरला. मेलेल्याच्या नावानं घरच्यांनी घोट घेतला की तो माणूस मेला, मग त्याची वाट बघायची नाही, त्याला शोधायला जायचं नाही. पण धाकट्या भावानं, कोल्बेननं, लाथ मारून वाडगा उडवला.

"जिवंत माणसाचा वाडगा पितात का कुणी? स्टेनवोर जिवंत म्हणते, मी जिवंतच धरणार! बर्फ फुटलं की हेर्दीला आणायला जाणार!"

जाणार कशातून, तर चार वल्ह्यांच्या होडीतून, जिला तीन ठिकाणी सीलच्या कातड्याची ठिगळं होती. त्या होडीतून खाडीपलीकडे लग्नाला जायची कुणाची छाती झाली नसती. एकदा निघाला असता, तर पोरगा परत दिसला नसता. हे सगळ्यांना कळत होतं, त्याला सोडून.

"बर्फ फुटेपर्यंत थांब," ओड्नी त्याला म्हणाली. "मी खरं काय ते काढून आणते. ती मेली असेल तर तू जायचं नाहीस. जिवंत असेल तर दुसरं वल्हं मी धरते. कबूल?"

"कबूल, ताई," कोल्बेन म्हणाला. "पण ती जिवंतच आहे."

एक भावंड गेलं असेल तर गेलं. दुसरं जाऊ द्यायचं नाही, एवढंच घेऊन ती आली होती. खाडीतलं बर्फ आता राखाडी पडायला लागलं होतं. फार तर दहा दिवस.

३

तिसऱ्या दिवशी सकाळी सुताच्या टोपलीत एक गुंडी जास्त होती.

ओड्नीनं ती सहज उचलली आणि धाग्यावरून अंगठा फिरवला. अंगठा अडला. तिनं धागा दिव्याजवळ धरला. पीळ उलटा होता.

साऱ्या ग्रीनलंडात बायका टकळी उजव्या हातानं एकाच बाजूला फिरवतात, आईनं शिकवलं तशी. पीळ उलटा पडतो तो डावखुऱ्या बाईचा. हेर्दिस डावखुरी होती. तिला कातायला ओड्नीनंच शिकवलं होतं, आणि डावा हात पुढे आला की व्हेलच्या हाडाच्या पट्टीनं बोटांवर मारलंही होतं. "माझा हातच तसा आहे, ताई," पोरगी रडत म्हणायची. शेवटी ओड्नीनंच हात टेकले.

बेरानं गुंडी तिच्या हातातून काढून घेतली, भराभर उलगडली आणि पीळ मोडून पुन्हा कातायला बसली. रोजचंच काम असावं तसं.

"कुणाचं हे सूत, मावशी?"

"तुझंच असेल."

"माझं नाही."

"मग नसेल," बेरा म्हणाली.

दुपारच्या जेवणात सुकी मासळी आणि लोणी होतं. ओड्नीचं जेवणाकडे लक्ष कुठलं! ती प्रत्येकाचा हात बघत बसली. मासळी कोण कुठल्या हातानं सोलतंय, लोणी कोण कुठल्या हातानं लावतंय. बावीस माणसं होती घरात. बावीसही उजवी.

मग तिच्या डोक्यात आलं ते इतकं सरळ होतं की आधी कसं सुचलं नाही, याचाच तिला राग आला. हेर्दी जिवंत होती! आणि पश्चिमेला नव्हे, इथे! स्टेनवोरनं तिला जहाजातून आणून कुठेतरी डांबून ठेवलं होतं, आणि कैद्याला जसं काहीतरी काम देतात तसं सूत कातायला दिलं होतं. बायका जमिनीवर पाय जपून टाकत होत्या, म्हणजे खाली तळघर होतं! डोळ्यांत पाणी आलं तिच्या. हसूही आलं. चार दिवसांत तिनं गोठा धुंडाळला, मासळीची कोठारं धुंडाळली, वैरणीच्या गंजीत हात घातले, बाकासमोरची माती काठीनं ठोकून पाहिली. माती सगळीकडे सारखीच वाजली, भरीव.

रोज सकाळी टोपलीत एक गुंडी जास्त असे. रोज बेरा ती मोडून पुन्हा कातत असे.

आठव्या दिवशी ओड्नीनं म्हातारीला एकटीला गाठलं. "मावशी, खरं सांग. कुठे ठेवलंय तिला?"

"कुणाला?"

"माझ्या बहिणीला. हेर्दिसला."

बेराच्या हातातली टकळी थांबली. तिनं ओड्नीचा चेहरा निरखला.

"डावखुरी," ती हळूच म्हणाली. "तुझी होय ती?" मग तिनं बाकाकडे न बघता हनुवटीनं बाक दाखवलं. "ते लाकूड तिकडचं आहे. तिकडे त्यांच्या झोपडीपुढे पडलेलं होतं, बसायला. तिथेच सोडून यायचं होतं, पोरी. पण एवढं चांगलं लाकूड बघून आपल्याकडच्या माणसाचा पाय निघतो का? कुणाचा निघेल? उचललं आणि आणलं."

"मी बहिणीबद्दल विचारतेय. लाकडाबद्दल नाही."

"ऐकलं मी," बेरा म्हणाली आणि टकळी पुन्हा फिरवली.

४

स्टेनवोर मागघरात येत नसे. हे ओड्नीच्या लक्षात आलं ते दिवस सरत आल्यावर. घरधनीण ती! तिचा गोठा, तिचे माग. पण ती वरच्या पायरीवर उभी राहून बोलायची आणि तिथूनच परत जायची. बाई पन्नाशीची, उंच, रुंद खांद्यांची. हसली की सगळ्यांना हसावंसं वाटायचं आणि थांबली की सगळे थांबायचे. सरपण ती स्वतः फोडायची. कुऱ्हाड दुसऱ्याच्या हातात देत नसे.

नवव्या दिवशी सकाळी तिनं वरूनच हाक मारली. "कोण गं ती नवी? वर ये."

ओड्नी वर गेली. उन्हानं डोळे दिपले. खाडीच्या मधोमध काळ्या पाण्याचा पट्टा उघडला होता.

"हेर्दिसची बहीण ना तू?" स्टेनवोर म्हणाली. "नाक तेच आहे. आल्या दिवशीच ओळखलं मी तुला. सगळ्या कोठारांत नाक खुपसत फिरतेस म्हणे. काय सापडलं?"

ओड्नीनं नजर हलवली नाही. "काही नाही, बाई."

"नसतंच काही. चांगली होती तुझी बहीण. भांडखोर, पण कामाला वाघ."

"होती?"

स्टेनवोर हसली. "जो समोर नाही तो होता. तुला शब्द धरायची खोड दिसते. तिचीही होती." ती खाडीकडे बघायला लागली. "तुझ्या भावाला निरोप धाडलाय मी. ठिगळांच्या होडीतून जायचं म्हणे त्याला. बिचारा! माझी सहा वल्ह्यांची होडी देते त्याला. फुकट. बर्फ सुटलंच आहे. उद्या येईल तो न्यायला, परवा निघेल."

"एवढी दया कशासाठी?"

"माया करणाऱ्या माणसाला अडवू नये," स्टेनवोर म्हणाली. "जाऊ दे त्याला. शोधू दे."

ओड्नीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोरगा इथे राहिला तर विचारत राहील, आज ना उद्या कुणाचं तरी कुलूप उघडेल. समुद्रावर गेला की प्रश्नच मिटला. खून करायलाही नको, नुसती होडी द्यायची!

"आत या ना, बाई," ती एकदम म्हणाली. "नवं कापड बघा."

स्टेनवोरचं हसू जागच्या जागी राहिलं. तिची नजर ओड्नीच्या खांद्यावरून खाली, मागघराच्या दाराकडे गेली आणि लगेच परत आली.

"धूर असतो आत," ती म्हणाली. "मला सोसत नाही."

चूल तर विझलेली होती.

५

दुसरा दिवस गायी काढायचा होता.

सगळा हिवाळा गोठ्यात कोंडलेल्या गायींना वसंतात पाय उरत नाहीत. हाडं आणि कातडं. त्यांना पोटाखालून पट्टे घालून उचलावं लागतं, एकेका गायीला चार माणसं, आणि उन्हात गवतावर नेऊन ठेवावं लागतं. त्या दिवशी घरात कुणी राहत नाही. आरडाओरडा, हसणं, शिव्या, मठ्ठ्याची पिंपं. बेरासुद्धा काठी टेकत गेली.

ओड्नी गेली नाही. आज कोल्बेन येणार होता. जे कळायचं ते आजच कळायला हवं होतं.

भर दुपार होती. दार तिनं उघडंच ठेवलं. पायऱ्यांवरून उन्हाची पट्टी आत उतरली होती, बाकाच्या पायापर्यंत. तिनं बाकावर लोकर ठेवली, टकळी ठेवली आणि डावीकडच्या मागामागे, तिरक्या जागेत जाऊन बसली. आज हेर्दी आली, किंवा तिच्याकडे लोकर नेणारं माणूस आलं, तर इथून दिसणार होतं. वर विणून झालेलं कापड गुंडाळलेलं होतं, त्यानं वरचं काही दिसत नव्हतं. खाली ताण्याचे धागे मोकळे होते. त्यांच्या फटीतून बाक दिसत होतं, जमीन दिसत होती.

बाहेर कुणीतरी गायीला आईवरून शिवी दिली आणि सगळे हसले. तिलाही हसू आलं. पाठ टेकली होती ती भिंत थंड लागत होती. आपण वेड्या आहोत असं तिला वाटलं. मोठ्या बाईनं मागामागे लपून बसायचं!

मग मागाचे दगड एकमेकांना लागले. टक. टक. दाराशी वारा आला की लागतात ते. पण वारा नव्हता, दिव्याची ज्योत सरळ होती.

लोकर फाटतानाचा तो मऊ आवाज आला. आणि मग टकळी फिरायला लागली.

आयुष्यभर ऐकलेला आवाज. तिनं धाग्यांना डोळा लावला. टकळी हवेत लोंबत होती, खाली खाली येत होती, डावीकडे फिरत. जमिनीला लागायच्या आधी वर उचलली गेली. तिच्यामागे पाय होते. जाड चामड्याच्या जोड्यांतले, घोट्याशी घोटा लावून ठेवलेले. त्यांच्या शेजारी आणखी दोन. आणखी दोन. आणखी दोन. चौघीजणी वाटेवर पाय पसरून बसल्या होत्या, दमलेल्या बायका बसतात तशा.

"हेर्दी," ओड्नीच्या तोंडून निघालं.

टकळी थांबली नाही.

तरी मनाचा एक कोपरा अजून हट्टानं म्हणत होता, की डांबून ठेवलेल्या बायका असतील, चौघीही असतील, आत्ताच कुठूनतरी वर आल्या असतील. आता मांड्या दिसत होत्या. मांडीवरचे हात दिसत होते. धागा सोडणारा डावा हात तिनं ओळखला. शपथेवर ओळखला.

वरचं कापडानं झाकलेलं होतं. तसंच राहू द्यायचं आणि डोळे मिटून घ्यायचे, असंही करता आलं असतं. पण भाऊ उद्या निघणार होता. अर्धवट माहितीवर कोल्बेन थांबणारा नव्हता, ती स्वतःही थांबणारी नव्हती. मी बघायला आलेय, तिनं स्वतःला बजावलं, बघूनच जाणार. आणि मागाला धरून ती उभी राहिली.

सूत कातताना बाई मान खाली घालते, टकळीवर नजर ठेवते. चौघींपैकी एकीनंही मान खाली घातलेली नव्हती. घालता आली नसती; कुऱ्हाडीनं खांद्यांवर काही ठेवलंच नव्हतं.

त्यापुढचं ओड्नीनं कधी कुणाला सांगितलं नाही. एवढं मात्र खरं, की बाहेर जायला एकच वाट होती, आणि ती त्या वाटेनं गेली. धावली नाही. बाकापाशी आल्यावर तिनं पाय उचलला, एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा ती खाली वाकली आणि त्या डाव्या हाताखालची सुताची गुंडी घेतली. त्या हातानं ती सोडून दिली.

६

अंगणात गायी उन्हात पडल्या होत्या. पिंपाभोवती माणसांची गर्दी होती. कोल्बेन आलेला होता, स्टेनवोर त्याला होडी दाखवून वर घेऊन येत होती.

"ताई! होडी बघितलीस? लोण्यासारखी चालेल! अगं, तुझा चेहरा असा का झालाय?"

ओड्नीनं गुंडी त्याच्या हातात दिली. त्यानं धागा बघितला आणि त्याचे डोळे चमकले.

"हे हेर्दीचं सूत! उलटा पीळ! आणि ताजं आहे, ताई, लोकरीचा तेलकटपणा पण गेला नाही! बघ, मी म्हणत नव्हतो? जिवंत आहे ती!"

अरे देवा! ओड्नीला वाटलं, आपणच याला समुद्रात ढकललं.

"तिकडून आलेल्या सामानात असेल," स्टेनवोर शांतपणे म्हणाली. "तिकडेच आहे ती. जा, घेऊन ये."

काय सांगणार होती ओड्नी त्याला? मागघरात चल म्हणावं, तर त्याला ते बघू द्यायची तिची तयारी नव्हती. जन्मभर त्याच्या डोळ्यांसमोरून ते गेलं नसतं. तिनं इकडेतिकडे बघितलं. गायींचे पट्टे खांद्यावर टाकून स्टेनवोरची माणसं उभी होती, तिच्याबरोबर पश्चिमेला जाऊन आलेली. एकही जण नजर वर करत नव्हता.

ओड्नी पिंपापाशी गेली. तिनं मोठा वाडगा मठ्ठ्यानं भरला आणि सगळ्यांच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"माझी बहीण हेर्दिस मेली," ती मोठ्यानं म्हणाली. "हा तिच्या नावाचा वाडगा." आणि ती प्यायली.



"वेडी झालीस का!" कोल्बेन किंचाळला. "कुणी सांगितलं मेली म्हणून?"

"कुणी नाही. न सांगायची यांना शपथ आहे." ती त्या माणसांकडे वळली. "दादांनो, शपथ मोडा असं मी म्हणत नाही. तोंडातून शब्द न काढायची शपथ आहे तुम्हाला. तोंडात घोट न घ्यायची नाही. जिवंत बाईच्या नावानं कुणी हा वाडगा पिणार नाही, माहीत आहे मला. माझा भाऊ उद्या समुद्रावर जातोय. तुम्हीच ठरवा."

"कामाला लागा," स्टेनवोर म्हणाली. आवाज चढवलाही नाही तिनं. "गायी राहिल्यात अजून."

कुणी हललं नाही. मग ऑटार पुढे आला. धिप्पाड माणूस, गायीची मागची बाजू एकट्यानं पेलणारा. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. वाडगा त्यानं घाईनं तोंडाला लावला, मठ्ठा दाढीवर सांडला. तो प्यायला, वाडगा पुढच्याच्या हातात दिला आणि बाजूला जाऊन पाठमोरा उभा राहिला. दुसरा प्यायला. तिसरा प्यायला. वाडगा रिकामा झाला तेव्हा चौथ्यानं आपणहून भरला. अकराजण होते. अकराही प्यायले, आणि कुणी एक शब्द बोललं नाही.

कोल्बेन प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होता. आधी रागानं, मग विनवणी केल्यासारखा. अकराव्यानं वाडगा त्याच्यापुढे धरला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला. मग प्यायला आणि गवतावर मटकन बसून लहान पोरासारखा रडायला लागला. ओड्नी त्याच्याजवळ बसली. रड बाबा, ती मनात म्हणाली, रड. रडतोयस म्हणजे आहेस.

"झालं सोंग?" स्टेनवोरचा चेहरा पांढरा पडला होता, पण मान ताठ होती. "मठ्ठा पिऊन कुणी मरत नसतं. बेरा, बायकांना घेऊन मागावर जा."

"आम्ही नाही जाणार, बाई," बेरा म्हणाली. काठी टेकवून ती तिच्यासमोर उभी राहिली. "आजपासून नाही. तुमचं कापड तुम्ही विणा."

ईसगेर्ड बेराच्या बाजूला आली. दोघी जावाही आल्या. माणसं जागची हलली नाहीत. स्टेनवोरनं एकेकाच्या डोळ्यांत बघितलं, आणि कुणी नजर खाली घातली नाही.

"माझ्या घरात मी कुणाला भीत नाही," ती म्हणाली.

खोटं नसावं ते. अशा बायका असतात. ती वळली, अंगण ओलांडून मागघराकडे गेली, आणि या वेळी वरच्या पायरीवर थांबली नाही. चार पायऱ्या उतरली. तिनं पाठीमागे दार लावून घेतलं.

सगळे ऐकत होते. तिची पावलं ऐकू आली, सरळ, जड, कुठेही न उचलता टाकलेली. तीन पावलं, आणि मग थांबली. त्यानंतर लाकूड करकरलं. एकदाच नव्हे, थोडं थोडं, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. भरलेल्या बाकावरची माणसं नव्या माणसाला जागा करून द्यायला सरकतात, तेव्हा होतो तसा आवाज.

कोल्बेन रडायचा थांबला. "ताई, आत कोण आहे?"

ओड्नीनं त्याचा हात घट्ट धरला आणि त्याला उठवलं. "चल," ती म्हणाली. "आई वाट बघत असेल. तू घरी चल."